जेक्स रेझ्युमे: प्रोग्रामिंगच्या पहिल्या नोकरीसाठी विश्वासाचा साचा

ओव्हरलीफ या संकेतस्थळावर मोफत मिळणारा ‘जेक्स रेझ्युमे’ हा लेटेक्समधील (कोड लिहून दस्तऐवज तयार करण्याच्या प्रणालीतील) साचा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये चांगलाच प्रचलित आहे, आणि इंटर्नशिप किंवा पहिली नोकरी शोधणाऱ्याने सीव्हीची सुरुवात त्यापासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

छायाचित्र, जन्मतारीख, वडिलांचे नाव, छंद आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ हे सहीनिशी निवेदन, या आपल्याकडच्या बायोडेटातील ठरलेल्या गोष्टींना त्यात जागाच नाही. शिक्षण, अनुभव, प्रकल्प आणि तांत्रिक कौशल्ये हे चार विभाग एका पानात बसवायचे असल्यामुळे उगाच भर घालणारी वाक्ये आपोआप गळून पडतात. नमुन्यातील एका प्रकल्पाखाली प्लगइन २,००० हून अधिक वेळा डाउनलोड झाल्याचा उल्लेख आहे. ती ओळ मुद्दाम वाचावी. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम तयार केली’ एवढेच लिहून थांबणाऱ्याला त्यावरून कळते की, आपण नेमका कोणता भाग लिहिला, कोणता डेटाबेस वापरला आणि ती प्रणाली पुढे कोणी वापरली का, हेही सांगायला हवे. चौघांनी मिळून केलेल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तर स्वतःचा वाटा वेगळा दाखवणे फारच गरजेचे आहे.

पीडीएफमधील अक्षरे सॉफ्टवेअरला नीट वाचता यावीत, यासाठीच्या सूचना साच्याच्या कोडमध्ये आधीच घातलेल्या आहेत. अर्जांची पहिली छाननी अनेक ठिकाणी सॉफ्टवेअर करते. दोन रकान्यांच्या रंगीत साच्यांत मजकुराचा क्रम तिथेच विस्कटण्याची भीती असते.

काही उणिवा मात्र आहेत. कागदाचा आकार अमेरिकी लेटर ठेवलेला असल्याने आपल्याकडे तो ए-४ करून घ्यावा लागतो. सी शार्प (C#) या प्रोग्रामिंग भाषेचे नाव लिहिताना # या चिन्हाआधी, तसेच % आणि & या चिन्हांआधी उलटी तिरकी रेघ (\) दिली नाही, तर त्रुटी असल्याचा संदेश येतो किंवा पुढचा मजकूर गायब होतो, आणि लेटेक्सशी ओळख नसलेला विद्यार्थी तिथेच अडखळतो. अनुभवाचा विभाग प्रकल्पांच्या वर आहे. ज्याने अजून कुठेही काम केलेले नाही, त्याने तो सरळ काढून टाकावा, प्रकल्प वर घ्यावेत आणि प्रत्येकासमोर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचा चालू दुवा द्यावा. अर्ज पाठवण्यापूर्वी पीडीएफमधील सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून तो क्रमाने वाचता येतो का, हेही तपासावे.