स्नोमोबिलची चाकं ऑनलाइन घेताना झालेली फसवणूक: खोकं आलं त्याच दिवशी माप घ्या

स्नोमोबिल म्हणजे रुंद रबरी पट्ट्यावर, ट्रॅकवर, बर्फातून चालणारी गाडी. तिच्या मागच्या सस्पेन्शनच्या, ट्रॅकच्या आत फिरणाऱ्या चार चाकांचा एक संच वर्कशॉपच्या टेबलावर आहे. जाहिरातीत लिहिलं होतं: ‘व्यास ५.६३ इंच, बेअरिंग ६२०५-२आरएस, सर्व कंपन्यांच्या स्नोमोबिलना चालेल, कंपनीच्या मालाइतकाच दर्जा.’ किंमत कंपनीच्या चाकापेक्षा जवळपास निम्मी. ओंटारिओत राहणाऱ्या ग्राहकाने तो जूनच्या सेलमध्ये घेतला आणि बर्फ पडल्यावर डिसेंबरात बसवला. पहिल्याच लांब फेरीत दोन्ही स्लाईड, म्हणजे ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, वितळायला लागल्या. विक्रेत्याचं उत्तर: परतीची मुदत तीस दिवस, आणि बसवलेला माल परत घेत नाही. कॅनडात आणि अमेरिकेत स्नोमोबिल ठेवणाऱ्या मराठी मंडळींनी हा प्रकार नीट समजून घ्यावा, कारण या फसवणुकीचा अर्धा डाव उन्हाळ्यातल्या सेलमध्येच असतो.

मागच्या सस्पेन्शनमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन रेल असतात. त्यांच्या तळाशी कडक प्लॅस्टिकची स्लाईड बसवलेली असते आणि ट्रॅकच्या धातूच्या क्लिपा तिच्यावरून घसरत जातात. उडणारा बर्फ हेच तिचं वंगण आणि हेच तिला थंड ठेवणारं पाणी. हे प्लॅस्टिक साधारण १३० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळतं. कडक बर्फावर, जिथे भुसभुशीत हिम रेलपर्यंत उडत नाही, तिथे वजन उचलायचं काम चाकांवर येतं. म्हणून चाकाचा व्यास महत्त्वाचा.

या संचाला व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तर चारही चाकं १३६ मिलिमीटरच्या आसपास भरली. ५.६३ इंच म्हणजे १४३ मिलिमीटर. १३६ मिलिमीटर हे ५.३५ इंची चाकाचं माप, म्हणजे माल दुसराच आणि लेबल तेवढं मोठ्या चाकाचं. व्यासात ७ म्हणजे त्रिज्येत साडेतीन मिलिमीटर कमी. एवढ्याने चाकं ट्रॅकला जेमतेम टेकतात आणि सगळा भार स्लाईडवर जातो. डोळ्यांना हा फरक कळत नाही. नवं चाक जुन्याशेजारी धरलं तरी जुन्याचं रबर झिजलं असेल असंच वाटतं. व्हर्निअर नसेल तर शिवणकामाची टेप रबराभोवती गुंडाळा: १४३ च्या चाकाचा घेर ४४९ मिलिमीटर भरतो, १३६ च्या चाकाचा ४२७. बावीस मिलिमीटरचा फरक टेपवर लपत नाही.

बेअरिंगमध्ये तर सरळ लबाडी होती. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. या चाकात दिसणाऱ्या बाजूला काळं रबरी सील आहे. चाक बसवल्यावर जी बाजू आत जाते तिथे पत्र्याची शील्ड. पत्रा बेअरिंगच्या आतल्या कड्याला टेकत नाही, बारीक फट राहते, आणि स्नोमोबिलमध्ये नेमकं त्याच फटीतून बर्फाचं पाणी, ट्रेलरवरून नेताना रस्त्यावरचं मीठ, धुताना प्रेशर वॉशरचा फवारा आत शिरतो. कड्यावर कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. रबरी सील पातळ टोकाने उचललं तर आत ग्रीसचे दोन-तीन ठिपके होते. ताशी १०० किलोमीटर वेगाला १४३ मिलिमीटरचं चाक मिनिटाला सुमारे ३,७०० फेरे फिरतं. तेवढ्या ग्रीसवर ते बेअरिंग हंगामभर टिकणं शक्य नाही.

ते जाम झालं की पुढचं नुकसान झपाट्याने होतं. बाहेरचं कडं प्लॅस्टिकच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, फिरू लागतं, हब तापून मऊ होतो, सर्क्लिपची (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या कडीची) खाच बुजते, आणि चाक धुऱ्यावरून सरकून ट्रॅकच्या आतल्या दात्यांवर आदळतं. ट्रॅक फाटला तर त्याच्या किमतीत चाकांचे कितीतरी संच येतील.

दुसरी फसवणूक बोअरच्या, म्हणजे बेअरिंगच्या मधल्या भोकाच्या, मापात होते. ६२०५ चं प्रमाण माप (बोअर × बाहेरचा व्यास × रुंदी) २५ × ५२ × १५ मिलिमीटर, ६००४ चं २० × ४२ × १२. काही मॉडेलांचा धुरा मात्र ३/४ इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर असतो. त्यावर २० मिलिमीटर बोअरचं चाक ‘चालतं’ म्हणून विकतात. हाताने सहज सरकतं, म्हणून घेणाराही खूश होतो. पण मध्ये ०.९५ मिलिमीटरचा ढिलेपणा राहतो. आतलं कडं धुऱ्यावर ठोकत राहतं आणि धुरा खातं. चाक धुऱ्यावर घट्ट सरकलं पाहिजे, डुगडुगता कामा नये. ‘सर्व कंपन्यांना चालेल’ हे वाक्य दिसलं की जाहिरात तिथेच बंद करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. बोअर, व्यास आणि ऑफसेट, म्हणजे रबराच्या मध्यापासून बेअरिंग किती बाजूला आहे, ही तिन्ही मापं जिथे लिहिलेली नाहीत तिथे पैसे देऊ नयेत.

जुनी चाकं नवी म्हणून खपवण्याचा प्रकारही चालतो. रबराला सिलिकॉन पॉलिश मारतात, स्वस्त बेअरिंग ठोकतात. ओळखायचं असेल तर रबर अंगठ्याने वाकवून प्लॅस्टिकशी जोडलेली कड पाहा. तिथे केसासारख्या चिरा दिसतील. सर्क्लिपच्या खाचेत गंज असेल, हबवर आधी बेअरिंग ठोकताना उठलेले सॉकेटचे (नट फिरवायच्या पोकळ पान्याचे) गोल वळ असतील, तर चाक वापरलेलं आहे.

खोकं येईल त्याच दिवशी, बर्फ असो वा नसो, ते उघडा. व्हर्निअर व टेपचे आकडे दिसतील असे फोटो काढा, बेअरिंगच्या दोन्ही बाजूंचे काढा, बोट बोअरमध्ये घालून चाक फिरवा. खरखर लागली तर बसवूच नका. मागच्या धुऱ्यावरची जोडी बदलताना दोन्ही चाकांचा घेर सारखा आहे ना ते आधी बघा. व्यास बदलला तर ट्रॅकचा ताण आणि सरळपणा पुन्हा लावावा लागतो, नाहीतर ट्रॅक एका बाजूला ओढून स्लाईड तिरकी झिजवतो.

खरं तर हब आणि रबर चांगलं असेल तर चाक घेण्याची गरजच नसते. बेअरिंग तेवढं बेअरिंगच्याच दुकानातून घ्या. सर्क्लिप काढा, हबला खालून आधार द्या, जुनं बेअरिंग सॉकेटने बाहेर ठोका. नवं बेअरिंग काही वेळ फ्रीझरमध्ये ठेवा, हब गरम पाण्यात धरून पुसून कोरडा करा, मग दाबून बसवा. दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर दाबलं की बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्यांचे डाग कड्यांवर उमटतात आणि नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. नावाजलेल्या कंपन्यांच्या बेअरिंगचीही नक्कल होते; एसकेएफचं ‘एसकेएफ ऑथेंटिकेट’ हे ॲप त्यासाठीच आहे, फोटो पाठवून शहानिशा करता येते.

पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. कॅनडात इंटरॅक ई-ट्रान्सफरने पाठवलेली रक्कम समोरच्याने खात्यात जमा करून घेतली की ती परत फिरवता येत नाही. अमेरिकेत कार्डाच्या बिलातल्या चुकीबद्दल लेखी तक्रार पहिलं बिल पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत पोहोचावी लागते, म्हणजे जूनची खरेदी या नियमाखाली डिसेंबरात वादात नेता येत नाही. कॅनडात तक्रार कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे नोंदवता येते. तिच्यासोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मापांचे फोटो आणि खोक्यावरचं लेबल द्या. विक्रेते जाहिरात मागाहून बदलतात, म्हणून स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढून ठेवा.