रंगवलेली काच आणि डायोड लेझर: मागे उरणाऱ्या थराचा बंदोबस्त

घराच्या पाट्या आणि मागून दिवा लावायच्या काचा करण्यासाठी १० वॅटचं डायोड लेझर, म्हणजे प्रकाशाच्या किरणाने कोरणारं मशीन, कित्येक महिने वापरतेय. लाकूड, एमडीएफवर ते उत्तम चालतं, त्यावर बोलण्यासारखं फार नाही. खरा कस लागतो तो मागून रंगवलेल्या काचेवर. कोरून झालं, काच उजेडात धरली, की अक्षरं स्वच्छ पारदर्शक दिसण्याऐवजी धुरकट दिसतात. हे का होतं आणि मी काय करते, तेवढंच लिहिते.

मशीनचा निळा प्रकाश साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो. तो साध्या काचेतून आरपार जातो, त्यामुळे काम होतं ते फक्त रंगावर. काळ्या रंगातला कार्बन हा प्रकाश चटकन शोषतो आणि रंग उडून जातो. निळा आणि फिकट रंग तो परतवतात. मग ताकद वाढवावी लागते आणि तिथूनच घाण मागे राहायला लागते.

पुसायला घेण्याआधी उरलंय काय ते ओळखा. बोटाला काळं लागलं तर ती नुसती काजळी. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. पिवळट, चिकट पापुद्रा असेल तर रंगातलं रेझिन, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग, अर्धवट जळालेलं आहे. त्याला कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेते आणि कडेच्या रंगाला न लावता अक्षराच्या आतच फिरवते. थिनर किंवा अॅसिटोन नको, अक्षरांच्या कडा विरघळतात. राखाडी डाग नखानेही हलत नसेल, तर तो बहुधा पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड आहे, तापून काचेला धरून बसलेला. टाइलवर पांढरा रंग मारून लेझरने कायमची गडद चित्रं काढतात ती याच गुणावर. हा डाग पुसण्याच्या नादाला लागू नका, काचेवर ओरखडे मात्र येतील.

चिकट पापुद्र्याचं मूळ सेटिंगमध्ये असतं. हळू वेग आणि भरपूर ताकद दिली की रंग उडण्याऐवजी शिजतो. मी वेग वाढवून, ताकद मध्यम ठेवून दोनदा फिरवते. रेघांमधलं अंतर ०.१ मिलिमीटरवरून ०.०८ वर आणल्यावर अक्षरांतल्या बारीक पट्ट्या गेल्या. रंग ताजा असेल तर कोणतंही सेटिंग चालत नाही. वरून कोरडा लागला तरी आतून ओला असतो, म्हणून स्प्रे मारलेली काच मी काही दिवस तशीच ठेवते. रंगवण्याआधी काचेवर तेलकट हात लागला असेल तर नेमका तिथेच धब्बा उठतो.

कोरताना किरणाजवळ सोडायचा हवेचा झोत मंद ठेवा. जोराचा झोत धूर शेजारच्या रंगावरच दाबून बसवतो.

काचेच्या बाजूने, म्हणजे रंग खाली ठेवून कोरायचं असेल तर फोकसचं गणित बदलतं. काचेत प्रकाश वळतो आणि फोकस जाडीच्या साधारण एक तृतीयांश खाली सरकतो. ४ मिलिमीटरच्या काचेत सव्वा ते दीड मिलिमीटर. ते धरलं नाही तर ठिपका पसरतो आणि रंग नीट न उडता करपतो. काचेखाली ठोकळे ठेवून जागा करा, नाहीतर धूर तिथेच कोंडतो. दुसऱ्या फेरीत रंग गेलेला असतो, त्यामुळे किरण खालच्या धातूच्या जाळीवर आपटून परततो आणि न कोरलेल्या भागावर भुताटकीसारखे ठिपके उठतात. ठोकळ्यांची उंची वाढवल्यावर माझे ठिपके जवळपास थांबले.

रंग झाकायला कागदी मास्किंग टेपच वापरा. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांनाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही. निळ्या लेझरचाच चष्मा लावा, काचेवरून उसळलेला किरण कुठेही जातो.

काळ्या आणि गडद लाल काचेसाठी हे मशीन मी बिनधास्त सुचवेन. पांढऱ्या काचेची ऑर्डर आली तर मी आधी अक्षरांचं स्टेन्सिल कापून काचेवर चिकटवते, रंग नंतर मारते, आणि लेझरचं काम त्या कागदापुरतंच ठेवते.