बांबू शार्कची अंडी मागवणार असाल तर आधी माझे ५६,९०० रुपये कसे गेले ते वाचा

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. सोसायटीतले हसून दमले, कंपनीतले अजून हसतायत, आणि आमच्या मातोश्री रोज सकाळी देवपूजा आटोपली की त्या रिकाम्या टाकीकडे बघून विचारतात, "काय म्हणतेय रे तुझी मगर?"

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो, अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मासे पाळतोय त्याला चौदा वर्षं झाली. गप्पी-मॉलीपासून सुरुवात केली, मग डिस्कस, मग ऑस्कर. दुकानात 'टायगर शार्क' म्हणून जे चंदेरी पिल्लू देतात तो शार्क नसतोच, तो पंगॅशिअस. तोच वाढला की हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो. सिल्व्हर शार्क, रेड टेल शार्क हेही नावाचेच शार्क, कूळ कार्पचं. हे सगळं मी चारचौघांना ऐकवत फिरणारा माणूस. त्यामुळे पंगॅशिअस गळ्यात मारायला कोणी आला असता तर मी त्याला तिथेच धरला असता. हे मुद्दाम सांगतोय, कारण "तुला एवढंही कळलं नाही का" हे वाक्य आता माझ्या कानांना सहन होत नाही.

खरे शार्क घरात ठेवता येतात. बांबू शार्क तळाशी पडून राहणारा, अंडं फोडून बाहेर येतो तेव्हा वीतभराहून लहान, अंगावर काळे-पांढरे पट्टे. अंडं म्हणजे तपकिरी, चपटं, चामड्याच्या पाकिटासारखं. मागून टॉर्च लावला की आतलं पिल्लू वळवळताना दिसतं. हे एकदा व्हिडिओत बघितलं आणि आपण गेलो.

माशांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ही अंडी विकणाऱ्या एका गृहस्थाशी ओळख झाली. मूळचा सोलापूरचा, आता चेन्नईला, असं तो म्हणायचा. चेन्नईत कोळत्तूरला रंगीत माशांची मोठी बाजारपेठ आहे हे आपल्या लाइनमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. त्यात मराठी बोलणारा. "दादा, दादा" करायचा. मी चार फुटी टाकी सांगितली तर म्हणाला, "मग मी देणार नाही दादा. हा मासा मोठा होऊन मीटरभर लांब जातो. तुम्ही त्याला मारून टाकाल." आता सांगा, जो विकायला नाही म्हणतो त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? मी तर उलट भारावलो. सहा बाय अडीच बाय दोनची टाकी बनवून घेतली. (तीही पूर्ण वाढलेल्या शार्कला कमीच पडते, हे मला आज कळतंय. तेव्हा त्याने "दादा, परफेक्ट" म्हटलं होतं. तत्त्वं टाकी येईपर्यंतच होती.)

टाकी आणि स्टँड ४१,०००, चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) ४४,५००, स्किमर (पाण्यातली घाण काढणारं) १३,८००, मीठ-वाळू-टेस्ट किट मिळून १२,७००. एकूण १,१२,०००. हे मी फसवणुकीत धरत नाही, कारण ज्यांनी ते विकलं त्यांनी माल चोख दिला. बायको मात्र धरते. तिचा आकडा १,६८,९०० आहे आणि तो ती पाहुण्यांनाही सांगते.

टोकन ५,००० दिलं २४ नोव्हेंबरला. दोन अंड्यांचा भाव प्रत्येकी १८,५००. टाकी सायकल व्हायला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू पाण्यात तयार व्हायला, सहा आठवडे गेले, तेवढ्या काळात त्याने एकदाही पैशांसाठी घाई केली नाही. उलट सल्ले द्यायचा. "कॉपर असलेलं औषध टाकीत घालू नका, शार्कला ते सोसत नाही." हे खरं आहे. "सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) १.०२५ ला ठेवा." हेही बरोबर. फसवणारा सगळंच खोटं बोलतो असं मी समजत होतो. तसं नसतं. नव्वद टक्के तो तुमच्यापेक्षा खरं बोलतो.

आता त्या व्हिडिओबद्दल, ज्याच्यामुळे अजून रात्री झोप मोडते.

मी काही बावळट नाही. बाकीचे पैसे देण्याआधी मी अट घातली होती: एका कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहा, कागद टाकीला चिकटवा आणि सलग व्हिडिओ काढा, कागदापासून अंड्यापर्यंत. ११ जानेवारीला संध्याकाळी व्हिडिओ आला. काचेला सेलोटेपने लावलेला वहीचा कागद, निळ्या पेनाने माझं नाव, खाली तारीख. कॅमेरा कागदावरून हळूच उजवीकडे सरकतो, क्षणभर टाकीच्या काळ्या कडेवरून जातो, आणि पलीकडे एक हात, हातात अंडं, मागे टॉर्च, आणि आत ते पिल्लू. शेपटी अशी हलवत होतं की माझ्या अंगावर काटा आला.

मुलगी सहावीत आहे. ती बाजूला बसून गणितं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, पाण्याचा आवाज मध्येच बंद झाला."

मी म्हटलं, गप गं, बघ ना पिल्लू बघ.

बास. एवढंच झालं. कागद दिसतो तोवर मागे एअर पंपाची बुडबुड स्पष्ट ऐकू येते. कॅमेरा काळ्या कडेवर जातो आणि बुडबुड कापल्यासारखी तुटते. पुढे नुसता पंख्याचा घरघराट. दोन वेगळे व्हिडिओ त्या काळ्या पट्टीवर जोडलेले. दिवसभर मोटारींचे आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की नाही हे सांगणारा माणूस मी. शॉप फ्लोअरवर यासाठीच पगार घेतो. आणि अकरा वर्षांच्या पोरीला ऐकू आलं ते मला आलं नाही, कारण मी तोपर्यंत मनातल्या मनात त्या पिल्लाचं नाव ठेवून मोकळा झालो होतो. (नाव सांगणार नाही.)

त्याच रात्री ३२,००० पाठवले. १३ तारखेला 'लाइव्ह अरायव्हल डिपॉझिट' म्हणून ७,५००, अंडी पोचली की परत मिळणार होते. पहिलं पेमेंट एका बाईच्या नावावर, दुसरं कुठल्याशा ट्रेडिंग फर्मच्या, तिसरं आणखी तिसऱ्याच. यूपीआयवर पैसे टाकताना समोर नाव येतं ना, ते वाचत जा. मी वाचलं होतं. "मिसेसचं अकाउंट आहे दादा" यावर गप्प बसलो.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, १६ तारखेला, पहाटे साडेपाचला नाशिकच्याच द्वारका चौकात ट्रॅव्हल्सचं पार्सल घ्यायला गेलो. कडाक्याची थंडी. थर्माकोलचा बॉक्स मांडीवर घेऊन रिक्षात बसलो तर रिक्षावाला विचारतो, "केक का?" घरी आणून पिशव्या तासभर टाकीत तरंगत ठेवल्या, थोडं थोडं पाणी मिसळलं, अंडी पाण्याखालीच ठेवून आत सोडली. सगळं शिस्तीत केलं. मग टॉर्च लावला. दोन्हीत नुसता पिवळा गोळा. हालचाल शून्य.

तो म्हणाला, "प्रवासाचा स्ट्रेस आहे दादा, दोन आठवडे बघूच नका." मी बघितलं नाही! उलट २० तारखेला त्याला नाशिकचा दोन किलो चिवडा कुरिअर केला. आपला मराठी माणूस परमुलखात आहे म्हणून.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करा: टाकीतली मादी नराशिवायही अंडी घालते, कोंबडीसारखीच. ती बहुतेक पोचटच निघतात. बाहेरून फलित अंडं आणि पोचट अंडं सारखंच दिसतं. म्हणजे ज्याच्याकडे एकटी मादी आहे, किंवा तिची टाकून दिलेली अंडी कोणाकडून मिळतात, त्याला हा धंदा फुकटातच पडतो. जिवंत पिल्लाचा व्हिडिओ कुठूनही उचलता येतो.

३० जानेवारीला टाकीला वास यायला लागला. अमोनिया चढला. एक अंडं दाबल्यावर मऊ लागलं आणि आत गढूळ पाणी. २ फेब्रुवारीला चिवडा परत आला. पाकिटावर कुरिअरवाल्याचा शेरा: पत्ता सापडत नाही.

कोणीही इथे थांबला असता. मी फोन केला तर तो म्हणाला, "दादा, जागा बदलली, सांगायचं राहिलं. अंडी रिप्लेस करून देतो, पण आता नियम कडक झालेत, वन विभागाची परवानगी काढावी लागेल, १२,४००." आणि मला ते पटलं! कारण व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे हे मी कधीतरी वाचलेलं. अर्धवट माहिती फार वाईट. परवानगीचे पैसे कोणत्याही सरकारी खात्यात असे खाजगी माणसाच्या यूपीआयवर जात नाहीत, एवढा विचार करायला दोन मिनिटं पुरली असती. ४ फेब्रुवारीला पाठवले. ९ तारखेला ब्लॉक झालो. डीपी गेला, 'दादा' गेलं, सगळंच गेलं.

पुढचा भाग लिहिताना हात थरथरतो, शरमेने नाही, संतापाने.

सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत लावला तर समोरच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. मी लावला सहाव्या दिवशी. ही चूक माझी, त्यात कोणाला दोष देत नाही. तुम्ही मात्र विचार करत बसू नका, आधी फोन लावा, लाज नंतर वाटून घ्या.

पण पोलीस चौकी? तिथे टेबलामागच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "शार्क? घरात?" मग आतल्या खोलीकडे बघून, "अरे ये रे, शार्कवाले आलेत." दोघं-तिघं जमले. एकाने विचारलं, चावतो का? मी तोंड पाडून बसलो. सगळे स्क्रीनशॉट, चार पेमेंटचे यूटीआर (व्यवहार क्रमांक), व्हिडिओ, सगळ्याची फाइल करून नेली होती. साहेबांनी ती चाळली आणि म्हणाले, "अंडी आली ना तुमच्याकडे? मग माल मिळाला. फसवणूक कसली?"

म्हटलं, साहेब, जिवंत म्हणून मेलेलं विकलं. तर म्हणाले, अंडी वांझ होती असं कुठल्या तज्ज्ञाचं लेखी आणा. मी गेलो एका जनावरांच्या डॉक्टरांकडे. ते बिचारे म्हणाले, "मी गाई-म्हशी बघतो, फार तर कुत्री." अंडी पुरावा म्हणून झिप बॅगेत घालून फ्रीजरमध्ये ठेवली होती. वाटाण्याच्या शेजारी. त्यावरून घरात काय झालं ते लिहीत नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वेगळेच साहेब. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा "घरात?" मग म्हणाले, आरोपी चेन्नईचा, तिकडे तक्रार द्या. हे ऐकून परत फिरू नका. हद्द आपली नसली तरी तक्रार नोंदवून घ्यायची सोय नव्या कायद्यात आहे, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. १ जुलै २०२४ पासून चारशेवीस गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. मी हे म्हटल्यावर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" चौथ्या खेपेला एक साधा अर्ज घेतला, पोच म्हणून शिक्का मारला. त्यात 'शार्क' ऐवजी 'शोभिवंत मासे' लिहायला लावलं. वरच्यांना विचित्र वाटेल म्हणे.

बँकेने तर कमालच केली. "पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे." ज्या खात्यांत पैसे गेले त्यांची केवायसी कोणी केली? त्या खात्यांना रोज दहा गावांतून पैसे येतात, हे तुमच्या कॉम्प्युटरला दिसत नाही, पण मी पाचशे रुपये जास्त काढले की तुमचा मेसेज येतो? उत्तर नाही. नवव्या दिवशी एसएमएस: आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कोणाच्या समाधानाची?

ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, हेही शोधून काढलं. पण तिथे विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. माझ्याकडे जो पत्ता आहे तिथून चिवडा परत आलाय. म्हणून पहिलं पेमेंट करायच्या आधी त्या पत्त्यावर काहीतरी पाठवून बघा. पन्नास रुपयांचं का असेना.

आणि व्हिडिओ नको, व्हिडिओ कॉल करा. त्याला म्हणा, आत्ता टॉर्च बंद करा, आता लावा, आता अंडं उलटं धरा. मी व्हिडिओ कॉलचं विचारलं होतं, तो म्हणाला होता टाकीच्या खोलीत रेंज नाही. माशांचा धंदा दिवसभर फोनवर करणारा माणूस, आणि रेंज नाही.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तोच व्हिडिओ दिसला. नंबर नवा, तोच हात, तेच अंडं, काचेवर कागद मात्र साताऱ्याच्या एका माणसाच्या नावाचा. मुलीला दाखवला नाही, हेडफोन लावून एकट्याने ऐकला. काळी कड आली आणि बुडबुड थांबली. त्या माणसाला लगेच मेसेज केला, सगळं सविस्तर लिहिलं, माझे स्क्रीनशॉट पाठवले.

दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं: "तुमची टाकी लहान असेल म्हणून तुम्हाला चांगली अंडी दिली नसतील. मला दादांनी स्वतः माझ्या नावाचा व्हिडिओ पाठवलाय."