पाटण्यातली सत्तूची गाडी: नाश्ता म्हणून पाच तारे, सरबत म्हणून दोन

बदली होऊन पाटण्याला आलेल्या मराठी मंडळींचा आमचा एक छोटा ग्रुप आहे. दर एप्रिलमध्ये त्यावर कुणीतरी विचारतंच, "इथला सत्तू प्यावा का हो? पोटाला फार जड जातो म्हणे." सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, इथे ते पाण्यात घुसळून पितात. दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते. मी लातूरची. वडील आडतीत होते, त्यामुळे हरभऱ्याच्या पोत्यांवर खेळत वाढले. हरभरा जुना आहे की नवा, हे मला अजून वासावरून कळतं. तेवढ्या अधिकाराने बोलते आहे.

मी ज्या गाडीवर जाते ती गांधी मैदानाकडून एक्झिबिशन रोडला लागलं की थोडं पुढे उभी असते. नाव नाही, पाटी नाही. लाल ओलं फडकं गुंडाळलेला माठ, शेजारी सत्तूचा ढीग. हा ढीग रोज सकाळी चमच्याच्या पाठीने थापून घुमटासारखा गुळगुळीत केलेला असतो आणि त्यात गोल रांगेत हिरव्या मिरच्या खोचलेल्या असतात. ही सजावट पाटण्यातल्या बहुतेक गाड्यांवर दिसते, तिच्यावर जाऊ नका. बघायचं ते कांद्याकडे. आमचा गाडीवाला गिऱ्हाईक आल्यावर कांदा चिरतो. आधीच चिरून ताटलीत ठेवलेला, कडा पिवळट पडलेला कांदा जिथे दिसेल तिथून पुढे व्हा.

गेल्या गेल्या तीन प्रश्न येतात. "मीठा कि नमकीन? गाढ़ा कि पतला? प्याज चलेगा न, दीदी?" उत्तर दिलं की हात चालू होतात. स्टीलच्या जगमध्ये चार चमचे सत्तू आणि त्यावर अगदी थोडंसं पाणी. आधी घट्ट पेस्ट करून घेतो, म्हणजे गुठळी राहत नाही. मग माठातलं पाणी, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धं लिंबू, आणि लाकडी रवी दोन्ही तळव्यांत धरून घुसळणं. फेस वर आला की कांदा, मिरची, पुदिना. कैरीच्या दिवसांत वर कैरी-पुदिन्याच्या चटणीचा एक ठिपका, आणि तोच खरा खेळ आहे. सत्तू तळाशी बसतो, त्यामुळे ग्लास रिकामा झाला असं वाटलं तरी बोटभर गाळ उरतोच. तो स्वतःहून त्यात पाणी ओतून देतो आणि म्हणतो, "खंगाल के पी लीजिए, असली माल नीचे है." या पाण्याचे पैसे नाहीत.

चव कशी? भाजक्या हरभऱ्याचा खमंग वास, जिरं, मग आंबट आणि शेवटी मिरची. ताक पिणाऱ्या माणसाला पहिल्या घोटाला खरखरीत लागेल. लागू दे. अगदी मुलायम सत्तू मला तरी संशयास्पद वाटतो. गोड प्रकारात साखर घालतात, मागितला तर गूळ मिळतो. मला तो आवडत नाही. आमच्याकडे आई सातूचं पीठ करायची, गहू आणि डाळवं भाजून, वेलची घालून, ते दूध-गुळात कालवायचं. त्या चवीची अपेक्षा ठेवून इथला गोड सत्तू प्यायलात तर हिरमोड होईल. नमकीनच घ्या.

लहान ग्लास २० रुपये, मोठा ३०. मोठ्याच्या भानगडीत पडू नका. का, तेच आता सांगते.

गाडीवर सकाळी कोण असतं ते बघितलंत तर सत्तूचं सगळं गणित कळतं. साडेसहा-सातला मैदानात फिरून आलेले म्हातारे, सायकल रिक्षावाले, बांधकामावर जाणारे मजूर. यातला एकही माणूस जेवून आलेला नसतो. काही मजूर तर पीतही नाहीत. सत्तू ताटलीत घेऊन मीठ, कांदा, मिरची, थोडं पाणी घालून मळतात आणि गोळे करून खातात. चूल नको, भांडं नको. एवढ्यावर दुपारपर्यंत काम होतं, म्हणजे हे जेवण आहे, फक्त पातळ केलेलं. आणि आपली ऑफिसातली माणसं काय करतात? कँटीनमध्ये भात, डाळ, चोखा हाणून दीड वाजता ऊन उतरवायला म्हणून मोठा ग्लास सत्तू मारतात. मग चार वाजता पोट फुगलं म्हणून ग्रुपवर मेसेज. अहो, जेवणावर जेवण केलंत की! आमच्याच शाखेतले नवे साहेब पहिल्या मे महिन्यात असंच करून संध्याकाळभर खुर्चीत कुशी बदलत होते आणि दोष बिहारला देत होते.

ही समज काही आजची नाही. चरकसंहितेतही सातू रात्री खाऊ नये, जेवणावर खाऊ नये आणि फार खाऊ नये, असं सांगितलं आहे. माझा गाडीवाला चरक वाचायला गेलेला नाही, पण तोही बाराच्या आत गाडी आवरतो. संध्याकाळी का लावत नाही विचारलं तर म्हणाला, "रात में कौन सत्तू पीता है, दीदी?"

आता तब्येतीच्या बाजूने. फुटाण्याच्या १०० ग्रॅम सत्तूत साधारण २० ग्रॅम प्रथिनं धरतात. लहान ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास सत्तू जातो, म्हणजे सहा ग्रॅम, एका अंड्याइतकी. जिमवाल्यांनी याला प्रोटीन शेक म्हणून डोक्यावर घेतलंय, पण तीन ग्लास पिऊन दंड फुगतील हे विसरा. निम्म्याहून जास्त भाग पिष्टमय पदार्थांचाच आहे. शिवाय हरभऱ्यातली प्रथिनं एकटी अपुरी पडतात, सोबत गहू-तांदूळ लागतात. सत्तू भरलेली लिट्टी, म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, या हिशेबात चोख बसते. सत्तूचं खरं बळ तंतूंमध्ये आहे. पोट हळूहळू रिकामं होतं, साखर हळूहळू चढते. म्हणूनच आमच्या घरी नवऱ्याच्या डायबेटिसच्या डॉक्टरांनी नाश्त्याला सत्तू चालेल म्हटलं, अट एकच: साखर नाही, गूळही नाही, आणि मग पोळी त्या प्रमाणात कमी. गूळ "नैसर्गिक" म्हणून सवलत मागणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. लोह, फोलेट, मॅग्नेशियमही यात आहे, आणि लिंबामुळे लोह अंगी लागायला मदत होते. त्यावर लगेच चहा ढोसलात तर ती मदत वाया. गाडीच्या शेजारीच चहावाला आहे, मोह आवरा.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात इथे पछुआ सुटतो, पश्चिमेकडून येणारा कोरडा गरम वारा, आणि पारा चाळिशीच्या पार जातो. १४ एप्रिलच्या सुमारास, मेष संक्रांतीला, इथे सतुआन करतात. नवा सत्तू, कैरी, गूळ देवाला दाखवून मग घरात खायचा. मिथिलेकडे दुसऱ्या दिवशी जुडशीतल असतं, मोठी माणसं लहानांच्या डोक्यावर थंड पाणी घालतात. उन्हाळ्याला तोंड द्यायची तयारी म्हणून सत्तू उत्तम आहे. पाणी, मीठ, लिंबू आणि पोटाला आधार, सगळं एका ग्लासात. पण उष्माघातावर हा उपाय नाही, हे ठामपणे सांगते. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलंय, शुद्ध हरपतेय, तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा. तोंडात सत्तू ओतत बसू नका. जुलाब-उलट्या होत असतील तेव्हाही सत्तू नको, ओआरएस द्या. एवढे तंतू त्या वेळी पोटाला झेपत नाहीत.

माझं बीपी वाढलेलं आहे. काळं मीठ "औषधी" असतं असं ऐकून लोक सढळ हाताने घालतात, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. मी "नमक आधा" म्हणते आणि लिंबू जास्त मागते. पहिल्यांदा गाडीवाल्याला हा त्याच्या हाताच्या चवीचा अपमान वाटला असावा, कारण त्याने विचारल्याशिवाय मिरची वाढवली. आता माझा ग्लास न सांगता तसाच येतो. किडनीच्या आजारात प्रथिनं आणि पोटॅशियम मोजून घ्यायला सांगतात, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. युरिक ॲसिडवाल्यांनीही रोजची सवय करण्याआधी विचारावं. ज्यांना हरभऱ्याच्या उसळीनेही गॅस होतो त्यांनी कच्चा कांदा वगळून, पातळ करून, अर्ध्या ग्लासावर थांबावं आणि बघावं. आणि कोरडा सत्तू बकाणा भरून खायची हौस असेल तर ती लहान मुलांसमोर आणि म्हाताऱ्यांसमोर नको. पीठ श्वासनलिकेत गेलं तर साध्या ठसक्यावर भागत नाही.

गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक असेल तर गाडीवर एक प्रश्न जरूर विचारा: "खाली चना है कि जौ मिला हुआ?" जव मिसळलेला सत्तू इथे सर्रास मिळतो, थंडावा जास्त म्हणून मुद्दाम मागतातही. त्यात ग्लूटेन आलं. आपल्या सातूच्या पिठात तर गहूच असतो.

गाडीचा एक गुण कापते तो बर्फामुळे. माठातलं पाणी तो जारचं वापरतो, माझ्यासमोर भरलेलं पाहिलंय, पण गिऱ्हाईक हट्ट करतात म्हणून बर्फाची लादीही गोणपाटात ठेवलेली असते. ती कुठून आली, कुठल्या पाण्याची, कुणाला ठाऊक. टायफॉइड आणि कावीळ अशाच वाटेने येतात. "बर्फ मत डालिए" एवढं म्हणायला लाजू नका. माठाचं पाणी पुरेसं गार असतं आणि फार गार सत्तूला वासही राहत नाही. ग्लास स्टीलचे आहेत, बादलीत बुडवून काढतो, हेही मला खटकतं. मी घरून माझा ग्लास नेते. लोक बघतात. बघोत.

आता पिठाबद्दल, कारण सुट्टीत गावी जाताना सगळ्यांनाच न्यायचं असतं. मागे एकदा ऑनलाइन मागवलेलं पाकीट उघडलं तर कच्च्या बेसनाचा वास. नाव देत नाही, पण पाकिटावर डोंगर, सूर्य, "वारसा" वगैरे सगळं होतं. चिमूटभर जिभेवर ठेवलं तर बेसनासारखा कचवट, चिकट. फुटाणे वाळूत नीट भाजले गेले नसले की असं होतं, आणि असा सत्तू कच्चाच प्यायचा असल्याने पोट बिघडणार हे नक्की. त्यापेक्षा कंकडबागेत ज्या चक्कीवर फुटाणे समोर दळून देतात तिथून घ्या. भडभुंज्याकडे गरम वाळूत हरभरा तडतडतो, सालं बरीचशी पाखडून काढतात, थोडी राहू देतात, त्यामुळे पिठाला तपकिरी ठिपके दिसतात. ते ठिपके हवेत. एकसारखं पिवळंजर्द पीठ असेल तर वाटाण्याचं किंवा खेसारीचं पीठ मिसळल्याचा संशय घ्यावा. खेसारी म्हणजे आपल्या विदर्भातली लाख डाळ. ती थोडी पोटात गेली म्हणून काही होत नाही, पण महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायातलं बळ जाण्याचा आजार होतो. म्हणून फुटाणे डोळ्यांनी बघून, देशी हरभऱ्याचेच आहेत ना हे पाहून, मग दळायला द्या. किलोला दीडशेच्या आसपास पडतात, दळणावळ वेगळी.

पीठ घरी आणलं की गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गरम भरलं तर आत घाम धरतो आणि आठवड्यात कुबट वास येतो. एप्रिल-मेमध्ये महिना-दीड महिना बाहेर टिकतं. लातूरला नेणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊन तिथे लगेच स्टीलच्या डब्यात काढा. जूननंतर अर्ध्या किलोच्या वर नेऊ नका, फ्रीजमध्ये ठेवलं नाही तर पोरकिडे होतात. पाऊस लागला की गाडीवाला स्वतःही सत्तू बंद करून भुट्टे भाजायला घेतो, तेव्हा जायचं असेल तर त्याआधी जा, आणि आठच्या आत.