लोकप्रतिनिधीची मुदत: किती वर्षांची आणि किती वेळा?

राष्ट्रीय कायदेमंडळाच्या सदस्याने किती काळ पदावर राहावे, या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत: एका निवडणुकीने किती वर्षे मिळावीत, आणि तीच व्यक्ती कितीदा निवडून यावी. मत बनवताना हे दोन्ही वेगळे ठेवलेले बरे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाची मुदत अवघी २ वर्षांची आहे. तरीही जॉन डिंगेल तेथे डिसेंबर १९५५पासून जानेवारी २०१५पर्यंत, म्हणजे ५९ वर्षे सदस्य होते.

आखूड मुदतीत मतदाराचा वचक राहतो, पण कामाला उसंत मिळत नाही. जानेवारीत शपथ घेतलेल्या अमेरिकी सदस्याला पुढच्या वर्षीच्या मार्चपासून सुरू होणाऱ्या, उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुका दिसत असतात. विधेयकाचे बारकावे समजेपर्यंत प्रचार दारात उभा राहतो. न्यूझीलंडच्या मतदारांना मात्र ३ वर्षे पुरेशी वाटतात: १९६७ आणि १९९० या दोन्ही सार्वमतांत त्यांनी ४ वर्षांचा प्रस्ताव फेटाळला. लोकसभेची ५ वर्षे ही कमाल मर्यादा आहे (बारावी लोकसभा जेमतेम तेरा महिने टिकली). आणीबाणीत, १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ही मुदत ६ वर्षांवर नेली आणि ४४व्या दुरुस्तीने ती पुन्हा ५ वर्षांवर आणली. मुदत वाढवण्याचा अधिकार सत्तेवर असलेल्यांच्याच हाती असला की काय होते, हे त्यातून दिसते.

फेरनिवडीवरील बंदी वरकरणी आकर्षक वाटते. फिलिपिन्सच्या १९८७च्या राज्यघटनेनुसार प्रतिनिधीगृहाच्या सदस्याला ३ वर्षांच्या सलग तीनच मुदती मिळतात; पण अनेक मतदारसंघांत त्यानंतर पत्नी, मुलगा किंवा भाऊ उभा राहतो आणि एका मुदतीच्या खंडानंतर मूळ सदस्य परततो. चेहरा बदलतो, घराणे तेच राहते. शिवाय ज्याला पुन्हा मतदारांपुढे जायचेच नाही, तो पुढच्या पदासाठी पक्षश्रेष्ठींकडे पाहू लागतो. मेक्सिकोत १९३३पासून सलग फेरनिवडीला बंदी होती आणि तिच्यावरचा मुख्य आक्षेप हाच होता.

म्हणून सभागृह मतदारांपासून तुटले आहे अशी तक्रार असेल, तर मुदत कमी करण्याचा विचार करावा. तेच ते चेहरे खुपत असतील, तर बंदीपेक्षा उमेदवारी ठरवण्याची पद्धत आधी तपासावी. माझा कौल ४ ते ५ वर्षांच्या, फेरनिवडीला मोकळीक असलेल्या मुदतीला आहे. अर्थात मेक्सिकोचा कौल उलटा पडला: २०१४मध्ये सैल केलेली बंदी तेथे २०३०पासून पुन्हा लागू होणार आहे.