चित्रांसाठी घर करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

घराचं काम संपून आठ महिने झाले, जो येतो तो विचारतो डिझायनर कोण, चांगले आहेत का, आम्ही घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. फर्मचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या आता मिटल्यात, उगाच कशाला.

आमच्याकडे वीस वर्षांत जमलेली ६४ चित्रं आहेत. तैलचित्रं थोडी, बाकी सगळं कागदावरचं, जलरंग, एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र), चारकोल, आणि चार छोटी ब्राँझ शिल्पं. जुन्या घरात निम्मी चित्रं चादरीत गुंडाळून पलंगाखाली होती आणि नवरा म्हणायचा की पुढचं चित्र आणलंस तर त्याच्याऐवजी मला पलंगाखाली ठेव. त्यामुळे नवीन घराचं इंटिरियर पॅकेजवालं नको, बसून आपल्यासाठी करणारं कुणीतरी हवं हे पक्कं होतं. महाग पडतं, त्यात वाद नाही.

तिघांना भेटलो. पहिल्याने जे थ्रीडी दाखवलं त्यात सोफ्याच्या मागे सोफ्याच्याच रंगाचं काहीतरी लटकवलेलं, विचारलं हे काय, तर म्हणे मॅडम ते असंच आहे, फायनलला मॅचिंग करून देऊ. झालं, तिथेच उठलो. दुसऱ्याचं तर आठवतही नाही. तिसऱ्या बाई आल्या त्या टेप आणि वही घेऊन, म्हणाल्या घर नंतर बघू, आधी चित्रं काढा बाहेर. दीड दिवस त्या आणि त्यांचा असिस्टंट जमिनीवर बसून प्रत्येक चित्राचं फ्रेमसकट माप, वजन, कागद की कॅनव्हास, काच साधी की यूव्हीवाली (अतिनील किरण अडवणारी), मागे हुक कसले, सगळं लिहून घेत होते. माझं एक एचिंग उलटं करून म्हणाल्या, मागचा पुठ्ठा बदला, ॲसिडवाला आहे, कागद पिवळा पडायला लागलाय. फ्रेमवाल्याने इतक्या वर्षांत हे सांगितलं नव्हतं. काम तिथेच त्यांना मिळालं.

नंतर त्यांनी प्रत्येक चित्राच्या मापाचा ब्राउन पेपर कापून भिंतींवर टेपने चिकटवला आणि चार दिवस तसाच ठेवला. घर अगदी पार्सल ऑफिससारखं दिसत होतं पण कळलं भरपूर. गॅलऱ्यांमध्ये चित्राचा मध्य साधारण ५७ ते ६० इंचांवर धरतात, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला, पण आपण घरात बसलेलो जास्त असतो ना, सोफ्यावरून बघितलं की तेच चित्र वर पळाल्यासारखं वाटतं, म्हणून बैठकीतले सगळे कागद चार बोटं खाली आणले. भिंत जिप्समची असेल तर आणखी एक, आतून १८ एमएमचा प्लाय आधीच बसवून घ्या. मग पाहिजे तिथे स्क्रू मारता येतो, नाहीतर प्रत्येक वेळी ठोकून बघत बसा भिंतीच्या आतला सांगाडा कुठे आहे ते.

आता लाइट. इथे मी सगळ्यात जास्त शिकले आणि सगळ्यात जास्त भांडलेही. इलेक्ट्रिशियनने ड्रॉइंग न बघता स्पॉट भिंतीपासून फूटभरावर टाकले कारण त्याचं म्हणणं सगळीकडे असंच टाकतात. लाइट लावला तर फ्रेमच्या वरच्या कडेची सावली थेट चित्राच्या कपाळावर. दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशात यायला हवा, म्हणजे छत १० फुटांवर आणि चित्राचा मध्य ५ फुटांवर असेल तर दिवा भिंतीपासून जवळजवळ ३ फूट लांब पाहिजे. फार जवळ घेतला की सावली पडते, फार लांब नेला की काचेत दिवाच दिसतो. फॉल्स सीलिंग अर्धं उघडून परत केलं, तीन आठवडे गेले. चूक बाईंच्या साइट सुपरवायझरची होती आणि बाईंनी ती मान्य करायला दोन मीटिंगा घेतल्या, खर्च मात्र त्यांनीच उचलला.

दिवेही दोनदा बदलले. पहिल्या लॉटमध्ये सीआरआय ८० वाले आले (सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००), त्यात माझ्या तैलचित्रातला लाल रंग विटकरीसारखा मेलेला दिसायचा आणि मला वाटलं माझेच डोळे गेले. ९५ च्या वरचे लावल्यावर लाल परत लाल झाला. तुम्ही घेताना नुसता सीआरआय विचारू नका, आर नाइन किती ते पण विचारा, तो लाल रंगाचाच आकडा असतो. आणि डिमर हवाच. जलरंग आणि कागदावरच्या कामांना म्युझियमवाले ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपासच उजेड देतात, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. यूव्ही काच लावली म्हणजे झालं असं नाही, दिसणारा उजेडही रंग उडवतोच. या बाईंनी मीटर धरून प्रत्येक कागद मोजला आणि खिडकीसमोरचं जलरंग मी कितीही हट्ट केला तरी तिथे लावू दिलं नाही. तेव्हा राग आला होता, आता नाही.

सगळ्यात भारी जागा म्हणजे पॅसेज. अरुंद, जेमतेम चार फूट, मी तो सोडूनच दिला होता. लंडनला सर जॉन सोन या आर्किटेक्टचं घर आहे, आता म्युझियम झालंय, तिथल्या १८२४ मध्ये बांधलेल्या छोट्याशा पिक्चर रूममध्ये भिंतींना बिजागऱ्या आहेत, कपाटाच्या दारासारखी भिंत उघडायची की आत आणखी चित्रं, अशी त्या एका खोलीत ११८ मावलीत. आमच्या बाईंनी तीच आयडिया लहान करून पॅसेजच्या एका बाजूला तीन पल्ले केले, पुढे-मागे दोन्हीकडे एचिंग. मिस्त्रीने बिजागऱ्या चार वेळा बदलल्या कारण काचेचं वजन धरून पल्ला खाली झुकायचा. आता एका बोटाने उघडतो. पल्ले बंद असले की मागची चित्रं अंधारात राहतात, म्हणजे त्यांना विश्रांतीही मिळते. येणारे लोक सोफा बघत नाहीत, हेच उघड-बंद करत बसतात.

मोठी तक्रार एकच. जिन्याची दोन मजली भिंत मी रिकामी ठेवा म्हटलं होतं, पुढे येणाऱ्या चित्रांसाठी. आम्ही आठ दिवस बाहेर होतो, परत आलो तर त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत व्हिनियरच्या (पातळ लाकडी पापुद्र्याच्या) उभ्या पट्ट्या, पॉलिशसकट. सुंदर होत्या हो, पण त्यावर चित्र कुठे लावणार? त्या म्हणाल्या भिंत फारच ओकीबोकी वाटत होती. मला तो चित्रकार व्हिसलरचा किस्सा आठवला, घरमालक लेलँड लांब असताना १८७६ मध्ये व्हिसलरने जेवणाच्या खोलीत भिंतींना लावलेल्या महागड्या चामड्यावरच निळ्या-सोनेरी मोरांचा रंग चढवला आणि मग पैशांवरून दोघांचं कायमचं फाटलं. तो व्हिसलर होता, ती खोली आज वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे. आमच्या पट्ट्या काही म्युझियममध्ये जाणार नव्हत्या. काढायला लावल्या, त्यांना वाईट वाटलं, पंधरा दिवस फोनवर आवाज थंड होता.

बाकी किचन, वॉर्डरोब, बाथरूम उत्तम, सांगण्यासारखं काही नाही, दारं नीट बंद होतात. एसीचा झोत एका चारकोलवर यायचा, तो वळवून दिला. रंगकाम संपल्यावर भिंती पूर्ण सुकेपर्यंत चित्रं लावू दिली नाहीत, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या फ्रेमांना मागून बुचाचे तुकडे लावले, हवा खेळावी म्हणून. तारीख मात्र पाळत नाहीत, सांगितलेल्यापेक्षा अडीच महिने उशीर.

घ्यावं का? चित्रं असतील तर हो, पण काय करायचं नाही हे पण लेखी घ्या, आणि काम चालू असताना आठ दिवस गायब होऊ नका. गेल्या महिन्यात त्यांचा फोटोग्राफर पोर्टफोलिओसाठी आला होता. जिन्याची भिंत बघून त्याने डोकं खाजवलं, गच्चीतली मोठी कुंडी उचलून आणली आणि तिथे ठेवून चार फोटो काढले. बाई बघत उभ्या होत्या. तो लेन्स बदलायला वळला तर त्यांनीच कुंडी ढकलत बाजूला नेली आणि त्याला म्हणाल्या, आता नुसत्या भिंतीचा एक काढ.