टायरवाले मामा: चार तारे, पाचवा काट्यापायी गेला

पंक्चर झालं ते कांजूरला, हायवेवर, मागचं डावं चाक. जुलैचा पहिला आठवडा, रिपरिप पाऊस आणि गाडीत सासूबाई. त्यांना आठवड्यातून तीनदा मुलुंडला डायलिसिसला न्यावं लागतं. परत येताना त्या इतक्या गळून गेलेल्या असतात की "काय झालं गं?" एवढंच विचारतात आणि डोळे मिटून घेतात. मी गाडी अगदी डावीकडे घेतली, पार्किंग लाइट लावले आणि फोनमध्ये 'टायर मामा हायवे' शोधलं.

मामांचं दुकान विक्रोळीला, कन्नमवार नगरच्या बाजूला सर्व्हिस रोडवर आहे. पाटीवरचं नाव कधीच पुसलं गेलंय, 'ट्यूबलेस' एवढं उरलंय. दोन वर्षं मी तिथे फक्त हवा भरायला जात होते, त्यामुळे आजवर लिहिण्यासारखं काही नव्हतं.

फोनवर मामांनी आधी गाडीचं काही विचारलंच नाही. "तुम्ही गाडीत बसलाय का? उतरा आधी. आजींना डाव्या दाराने उतरवा. गाडीच्या मागे उभ्या राहू नका, कठड्यापलीकडे जा. तिकोन लावलाय?" तिकोन म्हणजे तो लाल चमकणारा त्रिकोण. माझा डिकीत, स्टेपनीच्या खाली, कंपनीच्या प्लास्टिकमध्ये होता. मी छत्री मानेत धरून प्लास्टिक फोडलं आणि तिकोन गाडीच्या बराच मागे नेऊन ठेवला. तोवर दोन टँकर अंगावर पाणी उडवून गेले होते.

वीस मिनिटांत मामांचा विशीतला पोरगा स्कूटरवरून आला. त्याने पहिल्यांदा रिक्षा थांबवून सासूबाईंना घरी पाठवलं, मग स्टेपनी काढली. तिच्यात हवा किती? बारा पॉइंट (पीएसआय). म्हणजे हवी त्याच्या निम्म्याहूनही कमी. बॅटरीला जोडायचा छोटा पंप लावून त्याने ती भरली. चाकाचे नट माझ्याने हलत नव्हते, तो पान्यावर उभा राहिला तेव्हा कुठे पहिला कर्रर्र करून सुटला.

हे होत असताना मी डॅशबोर्डाच्या खणातून एक कागद काढून वाचत होते. जूनच्या सुरुवातीला मी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये 'मान्सून चेकअप' करून घेतलं होतं. नाव घेत नाही, एसी वेटिंग रूम आणि कॉफीचं मशीन असलेलं सेंटर होतं एवढं सांगते. कागदावर चाळीस कलमं, चाळीस निळ्या टिका. एकोणतिसावं कलम: स्टेपनी, ओके. तिथला माणूस सगळा वेळ माझ्या नवऱ्याशी बोलत होता. नवऱ्याला गाडी येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्चर काढायला दुकानात गेले. पंक्चरचं काम साधं निघालं, मधल्या पट्ट्यात खिळा होता. मामांनी टायर रिमवरून उतरवून आतून पॅच मारला. बाहेरून स्ट्रिप खुपसून पाच मिनिटांत मोकळं करतात तसं त्यांनी केलं नाही. "स्ट्रिप रस्त्यात ठीक. दुकानात आलात तर आतून बघायला पाहिजे," म्हणाले. १५० रुपये. मी निघणारच होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "स्टिअरिंग थरथरतं का सत्तरच्या वर?" थरथरत होतं. मी त्याचा दोष इतके दिवस रस्त्याला देत होते.

त्यांनी पुढची बाजू ट्रॉली जॅकवर उचलली आणि डावं चाक हाताने हळूहळू फिरवलं. "हात घाला आत. मागच्या अंगाने. फिरवा." चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे उभं राहून काही दिसत नाही तिथे, माझ्या बोटांना एक उंचवटा लागला. लिंबाच्या फोडीएवढा, गुळगुळीत, बाकीच्या भिंतीपेक्षा किंचित मऊ. मामा म्हणाले, "फुगा." खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की टायरची भिंत कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते आणि रबराच्या आतले धागे तुटतात. बाहेरून काही फाटत नाही. पण आता हवेला अडवायला तिथे फक्त रबर उरतं, म्हणून ते फुगतं. हवा कमी असेल तर चिमटा जास्त बसतो. याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. कधी फुटेल सांगता येत नाही, आणि फुटेल ते बहुधा वेगात असताना. याच चाकावर मी महिनाभर सासूबाईंना ने-आण करत होते. चाळीसपैकी कुठल्यातरी कलमात 'टायर: ओके' होतंच.

उजवं पुढचं चाकही धड नव्हतं. मामांच्या खिशात टायरच्या नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी असते. बाहेरच्या कडेला ४ मिलिमीटर, आतल्या कडेला २. कायद्याने १.६ पर्यंत चालतं. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मामांचं म्हणणं, मुंबईच्या पावसात तीनच्या खाली गेलं की बदलायच्या तयारीला लागा, कारण खाचा असतात पाणी बाहेर फेकायला. एकच कड झिजणं हे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडल्याचं लक्षण, थरथर बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाच्या वजनाच्या समतोलाची. आणि गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटचे पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंची हवा बघायची.

मग आली स्टेपनी. मी म्हटलं, ती तर नवीकोरी आहे. मामांनी खडूने टायरच्या भिंतीवरचे चार आकडे पांढरे केले: १११८. म्हणजे २०१८ सालचा अकरावा आठवडा. नक्षी पूर्ण होती, पण भिंतीवर उन्हाने भेगाळलेल्या टाचेसारख्या बारीक चिरा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिएजंटच्या बाटलीवरची एक्सपायरी बघितल्याशिवाय मी झाकण उघडत नाही. आणि टायरवर जन्मतारीख छापलेली असते हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं! घरी जाऊन आम्ही बिल्डिंगखालच्या सगळ्या गाड्यांच्या तारखा वाचल्या. दोन शेजारी अजून नाराज आहेत.

पुढचे दोन्ही टायर नवीन घ्यायचं ठरलं आणि इथे आमचं वाजलं. मामा नवीन टायर पुढे लावायला निघाले. मी म्हटलं, मागे लावा. ते म्हणाले, "ताई, पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात, ब्रेक मारला की वजन पुढे येतं. नवीन पुढेच." ऐकायला पटतं. पण टायर कंपन्या स्वतःच उलटं सांगतात. साचलेल्या पाण्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जात राहते. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग घट्ट धरलं तर सावरता येते. मागची घसरली की शेपूट फिरतं, आणि माझ्यासारख्या बाईला, खरं तर कुणालाही, ते सावरता येत नाही. म्हणून जास्त नक्षीचे टायर मागे. मामा म्हणाले, "हे पुस्तकातलं." मी म्हटलं, असू दे पुस्तकातलं. चिडून केलं त्यांनी, पण केलं, आणि अदलाबदलीचे वेगळे पैसे लावले नाहीत. तुम्ही गेलात तर हे आधीच सांगा, नाहीतर नवीन पुढे बसलेले असतील.

आता तो काटा. लॅबमध्ये रोज सकाळी मशीनला कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावून बघितल्याशिवाय आमचा एकही रिपोर्ट बाहेर जात नाही. ती सवय अंगात भिनलेली असल्यामुळे मी माझं साडेतीनशे रुपयांचं हवामापक घेऊन गेले होते. त्यांच्या नळीवरचा काटा त्याच टायरला चार पॉइंट कमी दाखवत होता. म्हणजे काट्यावर बरोबर दिसेपर्यंत भरलं की टायरमध्ये चार जास्त. माझंच चुकत असेल म्हणून शेजारच्या रिक्षावाल्याचं मापक मागून घेतलं, ते माझ्या बाजूने निघालं. मामांचा काटा दिवसातून दहा वेळा फरशीवर पडतो, त्याचं आणखी काय होणार? सांगितल्यावर म्हणाले, "चार पॉइंटने काय होतंय." हे मला पटलेलं नाही. एक तारा इथे गेला.

शिवाय तिथे आलेल्या प्रत्येक गाडीत पोरगा न विचारता पस्तीस भरतो. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेला असतो, माणसं किती बसणार त्याप्रमाणे. तो सांगायचा. आणि हवा सकाळी, गाडी फार न चालवता मोजायची. मुलुंडहून तापलेल्या चाकांनी येऊन मोजली तर आकडा फुगलेलाच दिसणार. काही ठिकाणी टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरतात, तो मामा ठेवत नाहीत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मला सगळ्यात आवडलं ते त्यानंतरचं. मी म्हटलं, मला चाक बदलायला शिकवा. मामांनी पोरग्याला बाजूला केलं आणि माझ्याकडून दुकानासमोर एक चाक काढून घेतलं. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाखाली वीट. नट आधी जमिनीवरच सैल करा, जॅक नंतर. मी उलटं करत होते आणि चाक गरागरा फिरत होतं. पाना आडवा बसवायचा आणि टोकावर पाय देऊन वजन टाकायचं, हाताने ओढत बसायचं नाही. घालताना समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळायचे. पंचवीस मिनिटं लागली. ड्रेसची बाही काळी झाली ती अजून निघालेली नाही. समोरच्या टपरीवरचे तिघेजण चहा घेत बघत होते, शेवटचा नट बसल्यावर त्यातला एक म्हणाला, "माझ्या गाडीचं पण करता का?"

हिशोब: दोन टायर ७,२००, चारही चाकांचं बॅलन्सिंग ४००, पंक्चर १५०. हायवेवर येण्याचे पोरग्याने घेतले नाहीत, मी वेगळे दिले. उजव्या जुन्या टायरची स्टेपनी केली, पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरती, आणि २०१८ ची भंगारात गेली. अलाइनमेंटचं मशीन त्यांच्याकडे नाही. ते त्यांनी सरळ सांगितलं आणि भांडुपला पाठवलं, तिथे ४५० लागले. पक्कं बिल मात्र दोनदा मागावं लागलं. वॉरंटीसाठी ते लागतं, टायरच्या नंबरासकट घ्या. बसायला एक खुर्ची, तिचा एक हात तुटलेला. कॉम्प्रेसर सुरू झाला की फोनवर बोलता येत नाही.

नवीन चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासून घ्यायचे, म्हणून मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले होते. जायचं तर सकाळी साडेनऊच्या आत जा, मामा स्वतः असतात. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं. वाकून हाक मारली तर पोरगा उठतो, पण झोपेतून उठलेला पोरगा पान्यावर उडी मारून नट आवळतो, आणि मग ते नट कांजूरला पावसात तुमच्याने सुटणार नाहीत.